चुकलं म्हणणारी मुलगी

बाबा, काल माझ्या चार विद्यार्थ्यांना एकदम नोकरी लागली. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते, त्यामुळे मी आयटीआयमध्ये वायरिंग शिकवते हेही तुम्हाला ठाऊक नाही. पण जे शिकवते त्यातलं बरंचसं तुमच्या हातमागाजवळ बसून शिकलेलं आहे.

मागाची फणी भरताना मी मागून एकेक धागा द्यायची आणि तुम्ही तो समोरून ओढून घ्यायचात. एकदा माझ्याकडून एक धागा सुटला आणि भीतीनं मी गप्प राहिले. वीतभर कापड विणल्यावर त्यात उभी फट दिसली. तुम्ही सगळं उसवलं, मारलं मात्र नाही. "चुकलं म्हनाले तोंड दुखते का वं? दोघांचं काम आहे. तू नाई सांगशीन तर मले कसं समजन?" त्या दिवसापासून आपल्या घरात चूक मोठ्यानं सांगायची, असं ठरलं.

मी मुलांचे गट पाडले तेव्हा प्रत्येक गटात एक हुशार मुलगा सगळं जोडायचा आणि बाकीचे पेचकस धरून उभे राहायचे. मग मी त्यांना जागा बदलत राहायला सांगितलं आणि तुमचाच नियम लावला: चूक झाली की ज्याची त्यानं 'चुकलं' म्हणायचं. पोरं हसायची. "मॅडम, आज आंघोळ नाई केली, चुकलं."

त्यांच्यात उमरेडहून येणारी एक मुलगी आहे. हात स्वच्छ चालतो, पण तोंड उघडत नाही म्हणून दोन मुलाखतींतून परत आलेली. घरचे आता तिच्या लग्नासाठी आणखी थांबायला तयार नव्हते. काल एका कारखान्याचे साहेब आले आणि त्यांनी तिच्या गटाला बोर्ड जोडायला दिला. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं. मी त्यांच्या पाठीमागच्या खिडकीशी उभी. बोर्ड जोडून झाला, दिवा लागला, साहेबांनी पेन उघडलं, आणि ती म्हणते, "थांबा सर. चुकलं."

शेजारच्या मुलानं तिला कोपर मारलं. "दिवा लागून राहिला ना, चूप बैस."

"लागून राहिला. पन स्विच न्यूट्रलवर, काळ्या वायरवर घेतला मी. बटन बंद करून कोनी बल्ब बदलवाले गेला तर त्याले करंट लागन."

 त्या मुलानं मेन स्विच बंद केला, पेचकस उचलला आणि विचारलं, "सांग, कोनती काढू?" चौघं बोर्डवर वाकले. वेळ संपायच्या आत दिवा पुन्हा लागला, या वेळी बरोबर.

साहेब बाहेर येऊन मला म्हणाले, "दिवा लागल्यावर चूक सांगणारं माणूस आम्हाला मिळत नाही. चौघंही आमच्याकडे येतील."

तेव्हापासून सगळे म्हणतात, मॅडम मध्ये पडल्या नाहीत, पोरांवर केवढा विश्वास. या पत्राला पत्ता नाही, म्हणून लिहिते. स्विचला लागलेली ती काळी वायर मला तिच्याआधी दिसली होती. आत जाऊन खूण करावी म्हणून मी दाराशी धावले, ढकलूनही पाहिलं. दाराला आतून कडी होती.