विहिरीच्या दगडाचं वय

अण्णा, तुमच्या दगडाचं वय निघालं. साधारण साडेसहा कोटी वर्षं. आता बोला.

महाळुंग्याला नव्या विहिरीतून निघालेल्या दगडांच्या ढिगाशी उभं राहून तुम्ही म्हणाला होतात, "दगडाचं वय काढून पोट भरतं व्हय? कंपनीत लाग. बस दारात येतीय." मी भूशास्त्रच शिकणार म्हटल्यावर ढिगातला एक तुकडा उचलून माझ्या हातात कोंबलात. "घे, ह्याचं वय सांग, मग म्होरं बोल." तुम्ही टोमणा मारलात, मी तो काम म्हणून घेतला. तुम्ही जाईपर्यंत आपण त्यावर पुन्हा बोललो नाही आणि कंपनीच्या बसमध्ये मी काही चढले नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

तर ऐका. लाव्हा थिजून दगड झाला की त्यातल्या पोटॅशियमचा एक अंश हळूहळू मोडत राहतो आणि त्यातल्या काहीचा आर्गॉन वायू होऊन दगडातच अडकतो. तो अंश निम्मा व्हायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात, तुम्ही कितीही ओरडलात तरी. किती उरलं आणि किती वायू साठला हे मोजलं की वय कळतं. पण त्याला ताजा दगड लागतो. तुमचा तुकडा वरच्या थरातला, ऊन-पाण्यानं पिचलेला. त्यातला वायू केव्हाच निसटला होता. आणि विहीर तर बुजवली, तिच्यावर आता गोदाम आहे.

न्हाणीपाशी धुण्याचा दगड आहे ना, तुम्ही विहिरीच्या तळातून काढून बसवलेला? या उन्हाळ्यात मी हातोड्यानं त्याचा कोपरा उडवला. आई धावत आली, "अगं, त्यांच्या हातचा दगुड हाय त्यो!" म्हटलं, "म्हणूनच तर." संध्याकाळी त्याच फुटक्या दगडावर तिनं माझे कपडे धुतले, जरा जोरातच आपटून. दगड आतून काळाभोर, ताजा निघाला, तुम्ही फोडलात तेव्हा होता तसा. वय निघालं ते त्याच कोपऱ्याचं.

पोट भरतं, अण्णा. दगडांची वयं काढूनच भरतं. हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं, ते राहिलं, आणि त्याचा राग मला अजून येतो. हे पत्र तरी कुठं टाकणार?

तुम्ही दिलेला तो पिचका तुकडा कुठल्याच तपासणीत चालत नाही. तरी प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर तोच असतो. कुणी विचारलं तर सांगते, कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय.