खुंटीमामांची नजर

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितोय. मी ठणठणीत आहे, खोलीत भरपूर ऊन येतं, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? ताई येऊन गेली का?

आणि 'माझ्या पोराला जमिनीखालचं दिसतं' असं तू शेजारी सांगत असतेस ना, ते आता पुरे कर.

इथलं तेल थंडीतल्या काकवीसारखं घट्ट. ते पातळ व्हावं म्हणून खाली वाफ सोडतात. ती कुठवर पोचली हे आम्ही जमिनीला हादरे देऊन, त्यांचे पडसाद मोजून ठरवतो. वाफेआधी एकदा मोजायचं आणि नंतर पुन्हा, जमिनीत ठोकलेल्या अगदी त्याच खुंट्यांवर. त्या खुंट्या वीस वर्षं इथले जुने कामगार, आमचे खुंटीमामाच, ठोकत आले.

वाफ पोचली असं मी सांगितलं, तिथे विहीर खणली, तर तेल गारढोण! साहेबांनी विचारलं, "खुंट्या हलल्या होत्या का?" मी म्हणालो, "असतील." मामांना कामावरून काढलं.

खरं सांगू? मला तेव्हाच माझ्या हिशेबाची शंका होती. काल कागद काढून पाहिले. खुंट्यांच्या एका रांगेचे जुने आकडे मीच दुसऱ्या रांगेच्या नव्या आकड्यांपुढे मांडले होते. खुंट्या जागच्या जागी होत्या.

आज सकाळी मामा निरोप घ्यायला आले. म्हणाले, "माझी नजर अधू झाली रे. माझ्यापायी तुला बोलणी बसली." मी त्यांना साधं 'बसा'ही म्हणालो नाही.

आता साहेबांकडे निघालोय. वाटेत हे पत्र पेटीत टाकतो. तुला कळणार म्हटल्यावर मला दारातून परत फिरता येणार नाही.

तुझा धाकटा