एकच डबा, दोनदा

४ मार्च
टिंब्याचं पत्र आलं! पत्र म्हणजे फोनवर बोलून धाडलेलं. तो समुद्रापलीकडे गेल्यापासून आमचं असंच. शाईच्या हातांनी लिहायचं कोणी? दोघं एकाच छापखान्यात झाडू मारत शिकलो. आज तिकडे त्याचा छापखाना, इकडे माझा. म्हणतो, ‘‘अंडी महागली. केस बायकोच कापते, डोक्याचा पार नारळ केलाय. पण धंदा जोरात!’’ मागे मशीन धडधडत होतं. मध्येच शाईचा डबा पडला, गडगडत गेला.
या मंदीत धंदा जोरात? कान टवकारले.

५ मार्च
उत्तर बोललो. आधी मशीन चालू केलं. काम कुठलं! पण रिकामं मशीन पोकळ वाजतं, ते त्याला लगेच कळलं असतं. म्हणून रद्दी घातली — तीच तीच, फिरवून फिरवून. ‘‘उसंत नाही रे!’’ म्हणालो.

१९ मार्च
पुन्हा पत्र. पुन्हा डबा पडला! तसाच गडगडला, तसाच भिंतीला आपटला. रेकॉर्ड केलेलं मशीन वाजवतोय पठ्ठ्या! वर विचारतो, ‘‘तुझी गिऱ्हाइकं टिकून आहेत ना?’’ याला कशाला माझ्या गिऱ्हाइकांची चौकशी? गाशा गुंडाळून इकडेच येतोय की काय — माझ्यासमोर दुकान थाटायला?

२० मार्च
बायको म्हणाली, ‘‘अहो, सरळ विचारा की त्यांना!’’
‘‘विचारलं तर तोही विचारेल.’’
‘‘विचारू दे. मशीन बघायला पुढच्या शनिवारी माणूस येतोय, ते लपवणार किती दिवस?’’
टिंब्यासमोर मान खाली? छे!

२१ मार्च
परत रद्दी घातली. जरा जास्तच मोठ्यानं हसलो. जाता जाता चिमटा काढला, ‘‘तुझ्याकडे डबे फार पडतात रे!’’

२८ मार्च
पत्र. मागे मशीन नाही, डबा नाही. नुसता टिंब्या.
‘‘पकडलंस होय? मशीन थंडीतच विकलं रे. आता गोदामात खोकी उचलतो. आणि शहाण्या, तोच तोच फिरवून कडा मऊ पडलेला कागद मशीनमध्ये कसा वाजतो, ते मला शिकवतोस? म्हणून तर गिऱ्हाइकांचं विचारलं. राहवेना मला. तूही विकायला काढलं असशीलच. विक. पण आधी एकदा कोरा कागद घाल, आणि ऐकव मला.’’

२९ मार्च
माणूस मशीन बघायला दारात उभा. म्हटलं, थांबा जरा.
कोरा गठ्ठा फोडला.