भात विरुद्ध मका

४ ऑगस्ट, सोमवार
माझ्याविरुद्ध उभं राहायला गावात एक माणूस तयार नाही! सहा वर्षं गावाचा लुराह, म्हणजे प्रमुख, म्हणून काढली, त्याची ही पावती. मला हसावं की रडावं कळेना, कारण तुकिजो म्हणतो, नियमाप्रमाणे निदान दोन उमेदवार हवेत. नाहीतर निवडणूकच रद्द.
तुकिजो चिटणीस आहे, त्याला नियम पाठ. उपायही त्यानेच काढला. "पाक लुराह, घरातलंच कुणीतरी उभं करा. शेजारच्या गावात तेच केलं. नवरा विरुद्ध बायको. नवरा आरामात आला."
झकास.

५ ऑगस्ट, मंगळवार
बायकोला, मुर्यातीला, सांगितलं. ती सोयाबीनच्या टेम्पेच्या चकत्या पाडत होती. मान वर न करता विचारते, "मला काय करावं लागेल?"
"काही नाही. फोटो काढायचा, खुर्चीवर बसायचं."
"आणि निवडून आले तर?"
मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तीही हसली. जरा उशिरा.

९ ऑगस्ट, शनिवार
निशाण्या मिळाल्या. मला भाताची लोंबी, तिला मक्याचं कणीस. जुने लोक अजून निशाणीच बघतात, आणि भाताला सोडून मक्याला कोण हात लावणार? भात म्हणजे भात!
माझे फलक चौकात, मशिदीसमोर, बाजाराच्या वाटेवर. तिचा एकच, तोही बकऱ्यांच्या गोठ्यावर. तिने तक्रार केली नाही. गुणी बाई.

१२ ऑगस्ट, मंगळवार
सभागृहात उमेदवारांची भाषणं. मी छान बोललो. रस्ता, सभागृहाचं छप्पर, पुढच्या सहा वर्षांतला विकास... टाळ्या भरपूर.
मुर्यातीचं भाषण मीच लिहून दिलं होतं, चार ओळींचं. तिने कागद घडी करून कमरेला खोचला! म्हणाली, "मला भाषण येत नाही. पण खालच्या वाडीत दुपारी तोटी उघडली की वारा येतो, पाणी येत नाही. ते आधी बघायला हवं." आणि बसली.
मागच्या बायकांत हशा, मग टाळ्या. तुकिजो माझ्या कानात, "चांगलं आहे की! लढत खरी वाटायला हवी."
खरंच. लोकांना थोडी करमणूक हवीच.

१७ ऑगस्ट, रविवार
सतरा तारीख, आपल्या देशाचा स्वातंत्र्यदिन. पोरांची गोणपाट शर्यत, तेल चोपडलेला खांब, सगळं झालं. दोरीखेच मात्र खालच्या वाडीच्या बायकांनी जिंकली. त्यांच्या दोरीच्या टोकाला मुर्याती! आपण वरच्या वाडीचे, हे ती विसरली वाटतं.

२० ऑगस्ट, बुधवार
सकाळीच बोंब. रात्री कुणीतरी झऱ्याजवळचा मोठा पाइप कोयत्याने तोडला. आता वरही पाणी नाही, खालीही नाही. वरची पोरं काठ्या घेऊन निघाली. खालून सार्मिन आला, त्याच्या मागे त्याची माणसं. सार्मिन म्हणजे खालच्या वाडीचा तोंडाळ म्होरक्या.
"आमच्या वाटणीचं पाणी तुमच्या बटाट्याला, आणि चोर आम्ही?"
मी मध्ये पडलो. शांत राहा, चौकशी होईल, समिती नेमतो. हे सगळं व्यवस्थित, ठाम आवाजात सांगितलं. कुणी ऐकेना. शेवटी पोलिसांना बोलवायला मोटरसायकल काढली आणि खाली बाजारगावी गेलो. प्रमुखाने डोकं थंड ठेवायचं असतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
पेन कागदात रुततंय. रागाने!
काल मी गेल्यावर मुर्याती दोन्ही वाड्यांच्या बायकांना घेऊन झऱ्यावर गेली. भाताची पातेली, कोबीची भाजी, मिरचीची चटणी, सगळं उचलून. म्हणाली, आधी जेवा, मग मारामारी करा. आणि ते बैल जेवले! मग तिथेच ठरलं. दिवसा पाणी खाली, रात्री वर. पाइप जोडायला दोन्हीकडची माणसं.
इथवर ठीक. पण सार्मिनने विचारलं म्हणे, "आणि झऱ्यावरून वरच्या शेतांत जाणारे पाइप?" तर ही उठली, हातात करवत घेतली, आणि पहिला पाइप कापला तो आमच्या बटाट्याचा! प्रमुखाच्या शेताचा! सगळ्यांदेखत!
मी घरी आलो तेव्हा ती भांडी घासत होती.
"बू, डोकं फिरलंय का तुझं? अजून महिनाभर पाणी लागतं बटाट्याला!"
"माहीत आहे. मीच लावलाय तो."
"मग?"
"मग काय, पाक? गावाच्या आधी आपलं शेत पाणी पितं, हे सगळ्यांना दिसत होतं. तुम्हालाही दिसत होतं."
जेवलो नाही. पाठ फिरवून झोपलो.

२४ ऑगस्ट, रविवार
प्रचाराला खालच्या वाडीत. तुकिजो बरोबर. शिव्या खायची तयारी ठेवून गेलो, तर सार्मिनने चक्क ओसरीवर चटई टाकली! गोड चहा, तळलेली केळी. तोटीखाली त्याची सून कपडे धूत होती, भर दुपारी. पाणी असं धो धो.
"पाक लुराह, पाणी पोचलं बरं का."
"हो," मी म्हणालो. "मीच सांगितलं होतं तसं करायला."
सार्मिनने माझ्याकडे पाहिलं. मग आणखी चहा ओतला.
म्हणजे झालं ते चांगलंच झालं. खालची वाडीही आता माझी. तुकिजो परतताना चार पावलं मागेच राहिला. चढामुळे दम लागला असेल.

२८ ऑगस्ट, गुरुवार
बटाट्याची पानं पिवळी पडायला लागलीत. पहाटे जाग आली, मुर्याती अंथरुणात नव्हती. बाहेर डोंगरातली हाडं गोठवणारी थंडी. बघतो तर ही खांद्यावर कावड घेऊन झऱ्यावरून शेतात. दोन डबे पाणी, एकेक ओळ, मग पुन्हा वर. अंगात माझंच जुनं जाकीट.
मी कुंपणाशी उभा राहून बराच वेळ पाहिलं. तिने मला पाहिलं नाही. की पाहिलं, कोण जाणे.
बघवेना. दुसरी कावड घेतली.
तिच्या मागोमाग झऱ्यावर. तिसऱ्या खेपेला मी घसरलो, डबे उताराने गडगडत गेले. ती म्हणाली, "भाषण सोपं असतं, नाही?" आणि हसायला लागली. मलाही हसू आलं. आठवड्याभराने.

३१ ऑगस्ट, रविवार
मतदान. रिवाजाप्रमाणे दोघं उमेदवार मांडवात, सजवलेल्या खुर्च्यांवर, पारंपरिक पोशाखात. मुर्यातीच्या अंबाड्यात मोगरा. बावीस वर्षांनी पुन्हा बोहल्यावर! येणारा जाणारा चिडवतो, "अक्षता कधी?"
दुपारच्या आत आम्हीही मत दिलं. पडद्यामागे गेलो, खिळा उचलला, कागदावरच्या निशाणीला भोक पाडलं, शाईत बोट बुडवून बाहेर आलो. मन अगदी स्वच्छ.
मग मोजणी. एकेक कागद उजेडाकडे धरून, मोठ्याने. "भात!" टाळ्या. "भात!" मी तुकिजोकडे पाहून हसलो. "मका!" "मका!" "भात!" "मका!" "मका!" "मका!"... नंतर मी ऐकणं सोडून दिलं. बायका मात्र प्रत्येक मक्याला ओरडत होत्या, वरच्या वाडीच्यासुद्धा.
हरलो. थोडाथोडका नाही, चांगला सपाटून.
मुर्याती खुर्चीत ताठ बसून राहिली. माझ्याकडे बघायची हिंमत तिला होईना. मीच उठलो, हात पुढे केला. तिचा हात बर्फासारखा.
सार्मिन ओरडला, "आता यांना काय म्हणायचं?" कुणीतरी म्हणालं, "काही बदलायला नको! प्रमुखाची बायको म्हणून त्या आधीपासूनच बू लुराह. आणि हे पाक लुराह, बायकोच्या कृपेने!" सगळा मांडव हसला. मीही.

१ सप्टेंबर, सोमवार
सकाळी चहा देताना मुर्याती हळूच म्हणाली, "खरं सांगा, पाक. तुम्ही कुणाला दिलंत?"
"मला. दुसऱ्या कुणाला देणार?"
ती "बरं" म्हणाली आणि कामाला लागली.
मक्याला दिलं.