मऊवर ठेवलेला दांडा

१२ नोव्हेंबर १९८६, परभणी

दवाखान्याची जीप चालवतानाच तिचे धक्के झेलणारे शॉकॲब्सॉर्बर मऊ किंवा कडक करता यावेत म्हणून सीटजवळ दांडा मीच बसवला. चाचणी घेतली ती रिकाम्या जीपवर.

आज वालूरहून मणक्याला मार लागलेल्या गयाबाईला आणलं. निघताना तिने पायाची बोटं हलवून दाखवली होती. घरचे सात जणही चढले. त्यांना उतरा कसं म्हणणार?

ड्रायव्हर सलीमभाई म्हणाले, "साहेब, वजन लय झालंय. कडक करू का?"

मी म्हणालो, "पेशंट आहे. मऊच राहू द्या."

पहिल्याच खड्ड्यात मऊ शॉकॲब्सॉर्बर वजनाने पूर्ण दबले आणि जीपचा तळ धाडकन आपटला. गयाबाई किंचाळली. तरीही मी दांडा कडकवर का नेऊ दिला नाही? दुसऱ्या खड्ड्यानंतर ती हळूच म्हणाली, "सायेब, माजे पाय कुठं गेले?" बोटं हलेनात.

डॉक्टरांनी विचारलं, "पाय आधीच गेले होते का?"

मी हो म्हणालो.