बारा फूट पाच इंच

सोमवार, १ एप्रिल
सकाळी ६.१०. तळ्यावर अजून बर्फ. आजपासून रोजनिशी. प्रवास मोठा आहे, नोंद व्यवस्थित हवी.

प्रवास असा: माझी बायको लव्हॉन, तिची थोरली बहीण अर्डिस साउथ डकोटातलं त्यांचं जुनं घर विकते आहे. १८ मे, शनिवार, त्या दिवशी किल्ल्या नव्या मालकाच्या हातात. लव्हॉनचा जन्म त्याच घरातला. अंगणात प्लमचं झाड आहे. बायकोचं मागणं एवढंच, की झाडाखाली मोटरहोम लावायचं आणि बहिणीबरोबर शेवटचे काही दिवस तिथे काढायचे. त्यासाठीच ऑक्टोबरात ही गाडी घेतली. सेकंडहँड, पण दणकट.

वाट एका दिवसाची. पण एक दिवस झाला म्हणून काय झालं? तीस वर्षं पेपर मिलच्या खरेदी खात्यात काढली. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय टाचणी घेतली नाही. प्रवासाच्या प्लॅनिंगचं साधनही तसंच निवडायचं.

अर्डिसचा फोन. कधी निघताय म्हणाली. लव्हॉनने विचारलं, काय सांगू? म्हटलं, सांग, साधनांची निवड चालू आहे. लव्हॉन म्हणाली, हे वेगळंच आहे. कौतुक झालं की हुरूप येतो.

गुरुवार, ४ एप्रिल
निळं ॲप घेतलं. हिरवं ॲप घेतलं. शिवाय मोठ्या गाड्यांसाठी असतो तो डबा, काचेला चिकटवायचा. त्यात एक बाई बोलते. आवाज करारी. विश्वास वाटतो.

शेजारचा डुएन येऊन गेला. त्याचा कँपर त्याच्या मुलीहून म्हातारा, तरी दर उन्हाळ्यात भटकतो. प्लॅनिंग कशावर करतोस विचारलं, तर म्हणे कसलं प्लॅनिंग? गल्लीच्या टोकाच्या पुलाखालून बाहेर पडायचं, उजवीकडे वळायचं आणि नाक पश्चिमेला ठेवायचं. जाताना नकाशांचं जुनं पुस्तक देऊन गेला. उपयोगी पडलं. स्वयंपाकघरातलं टेबल आता डुगडुगत नाही.

रविवार, ७ एप्रिल
गाडीची उंची मोजली. उंची भरल्याशिवाय एकही साधन पुढे सरकत नाही, आणि ते योग्यच आहे.

गाडी ऑक्टोबरापासून चार जॅकवर, म्हणजे तिच्याच पोटातून खाली निघणाऱ्या लोखंडी पायांवर, उभी आहे. थंडीत टायर एका जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून मीच बटण दाबून उचलली. पाणसळ लावून बघितली, तसूभर कलली नाही. मापाला यापेक्षा चांगली स्थिती नाही. बारा फूट पाच इंच. तीनदा मोजलं. सगळीकडे भरलं.

लव्हॉनने शिडी धरली होती. नंतर तिने आत बसून किल्ली फिरवली आणि म्हणाली, समोर लाल दिवा लागतोय. म्हटलं, जुन्या गाडीत दिवे लागतच असतात. बायकांना दिव्यांची फार भीती.

बुधवार, १० एप्रिल
निळं ॲप: मार्ग नाही. हिरवं ॲप: मार्ग नाही. डब्यातली बाई: मार्ग उपलब्ध नाही. हे ती तीनदा म्हणाली, तिसऱ्यांदा जरा चिडून.

कारण सापडलं. आमच्या गल्लीच्या टोकाला रेल्वेचा पूल. पाटी: बारा फूट तीन इंच. तळ्याकाठून बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही. थोडक्यात, आम्ही अडकलो. साधनं नसती तर टपच उडाला असता! लव्हॉनला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग ऑक्टोबरात ही गाडी आत आली कशी?

प्रश्न चांगला आहे. अभ्यास करतो.

शुक्रवार, १२ एप्रिल
उत्तर मिळालं. थंडी! जमिनीतलं पाणी गोठतं, रस्ता फुगून वर येतो. हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. ऑक्टोबरात रस्ता खाली होता, आता वर आलाय. पूल तिथेच.

लव्हॉन म्हणाली, वेगळंच. डुएन म्हणाला, फुगतो हे खरं, पण एवढा फुगायला रस्त्यात यीस्ट घालावं लागेल. या माणसाला शास्त्राचं वावडं आहे.

शुक्रवार, १९ एप्रिल
सकाळी ९.४०. मार्ग सापडला!

चौथं साधन घेतलं. पैसे मोजून, फुकटातलं नव्हे. पाच मिनिटांत रस्ता दाखवला. पूल टाळून थेट पश्चिमेला, सरळ रेषेत हायवेपर्यंत. पळत लव्हॉनला सांगायला गेलो. तिने टॅब्लेट बघितला, खिडकीचा पडदा बाजूला केला.

रस्ता तळ्यावरून जातो. हिवाळ्यात बर्फावरून ट्रक नेतात, तोच. बर्फ मंगळवारी फुटला. रस्त्याच्या बरोबर मध्यावर डुएन होडीत बसून मासे धरत होता. त्याने हात केला.

तरी साधन चांगलंच. म्हटलं, जानेवारीत निघू. लव्हॉन म्हणाली, घर मे महिन्यात जातंय. मुद्दा रास्त आहे.

शनिवार, २७ एप्रिल
तुलनेचा तक्ता पूर्ण. रंगीत. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे विचाराधीन, लाल म्हणजे बाद. सगळं पिवळं आहे.

दुपारी लव्हॉन बहिणीशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. आत गेलो तर डोळे पुसत होती. विचारलं, काय झालं? कांदा, म्हणाली. ओट्यावर कांदा नव्हता.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बाईने आयुष्यात माझ्याकडे मागितलं तरी काय? तडक खोलीत गेलो आणि पाचवं ॲप घेतलं.

शुक्रवार, ३ मे
तोडगा! टायरमधली हवा थोडी सोडायची. गाडी दोन-तीन इंच खाली बसेल, पुलाखालून अलगद काढायची, पलीकडे परत भरायची. कुठल्याही साधनात हे नाही. माझं स्वतःचं.

सहाही टायरची हवा सोडली. मोजलं. बारा फूट पाच इंच. आणखी सोडली. बारा फूट पाच इंच. टायर पार लुळे पडले, गाडी ढिम्म. विलक्षण प्रकार आहे. टेप बदलायला हवी.

हवा परत भरायला डुएनचा कंप्रेसर मागवला. त्याने गुडघ्यावर बसून एका चाकाखालून हात आरपार फिरवला. मग लव्हॉनकडे बघितलं. लव्हॉनने चाकाकडे बघितलं. नंतर दोघं पायरीवर बसून बराच वेळ कॉफी पीत बोलत होते. मी गेलो की गप्प. माशांबद्दल असावं, पुढच्या शनिवारी मोठ्या मासेमारीचा मोसम सुरू होतोय.

मंगळवार, ७ मे
मान मिळाला! चर्चच्या तळघरात मोटरहोमवाल्यांचा क्लब भरतो. पुढच्या मंगळवारी दुपारी मी बोलायचं. विषय: प्रवासाच्या प्लॅनिंगसाठी साधनांची निवड. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, एवढी साधनं गावात दुसऱ्या कोणाकडेच नाहीत.

लव्हॉनला फार आनंद झाला. म्हणाली, नक्की जा. घाई करू नकोस. प्रश्नोत्तरंही घे. इतका पाठिंबा तिने लग्नापासून कधी दिला नव्हता.

रविवार, १२ मे
लव्हॉनने सरळच विचारलं, परवा निघायचं का? म्हटलं, साधन ठरल्याशिवाय कसं निघणार? शिवाय माझं भाषण आहे. थोड्या वेळाने परत तेच विचारलं. परत तेच सांगितलं. मग म्हणाली, आणि मी एकटीच गेले तर? हसू आलं. म्हटलं, मार्ग सापडला तर खुशाल जा. बरं तर, म्हणाली.

एकमत झालं. संसारात संवाद हवा तो असा.

संध्याकाळी ती गाडीत उशा, कॉफीचं भांडं आणि खजुराच्या वड्यांचा डबा ठेवत होती. सराव म्हणून. तेवढंच मनाला समाधान.

मंगळवार, १४ मे
भाषण झालं. सगळं क्रमाने लिहितो.

तळघर भरलेलं. फळ्यावर पूल काढला, गाडी काढली, आकडे लिहिले. बारा फूट तीन, बारा फूट पाच. लोक एकाग्र होऊन ऐकत होते, दोघांनी तर डोळेही मिटले होते. तळघराच्या खिडक्या रस्त्याच्या पातळीला, त्यातून फक्त चाकं दिसतात. मी म्हणत होतो की आमची गाडी गल्लीतून बाहेर येणं शास्त्राने अशक्य आहे, तोच खिडकीतून एका मोटरहोमची चाकं गेली.

डुएन मागून म्हणाला, वेन्डेल, ती तुझीच. म्हटलं, शक्य नाही. तो म्हणाला, मडफ्लॅपवर बदक आहे. म्हटलं, अशी बदकं पुष्कळांच्या मडफ्लॅपवर असतात. सगळे माना वळवून खिडकीकडे बघू लागले, म्हणून फळ्यावर सगळा हिशेब पुन्हा मांडला आणि तज्ज्ञ या नात्याने ठामपणे सांगितलं, की ती गाडी आमची असूच शकत नाही. टाळ्या. सेक्रेटरीबाईंना खोकला झाला होता, त्या बाहेर गेल्या.

लव्हॉनने सांगितल्याप्रमाणे प्रश्नोत्तरं घेतली. एकच प्रश्न आला: घरी कसे जाणार?

डुएनने सोडलं. अंगण मोकळं होतं.

बुधवार, १५ मे
अंगणात चार खड्डे आहेत. चौकोनी, खोल. जॅकचे पाय होते तिथे. खड्ड्यांकडे बराच वेळ बघत बसलो. मग आत जाऊन कॉफी केली. परत येऊन पुन्हा बघितलं.

जॅक खाली सोडले की गाडी वर जाते. म्हणजे जॅक वर घेतले की गाडी खाली येते. तो लाल दिवाही त्यासाठीच असावा. उंची जॅकसकट धरू नये हे एकाही ॲपने कुठे लिहिलेलं नाही. पाचही कंपन्यांना तक्रार पाठवली.

घर खायला उठलंय. फ्रिजमध्ये बटाट्याचं हॉटडिश, ओव्हनमध्ये भाजलेलं, करून ठेवलंय, चार दिवस पुरेल एवढं. म्हणजे तिने सगळं ठरवलं होतं. साधन कुठलं वापरलं कोण जाणे. टेबल परत डुगडुगायला लागलंय.

दुपारी फोन. पोचली. प्लम नुकता फुललाय, गाडी बरोबर त्याच्या खाली लावली, दोघी बहिणी रात्रभर आतच गप्पा मारत पडल्या होत्या. अर्डिसने विचारलं म्हणे, वेन्डेल कुठे आहे? मी विचारलं, मग काय सांगितलंस? लव्हॉन म्हणाली, सांगितलं, घरी आहे, रस्ता शोधतोय. मागे अर्डिस हसताना ऐकू आली. लव्हॉन हसली नाही. म्हणाली, तू असतास तर बरं झालं असतं. डुएन उद्या मुलीकडे निघालाय, वाटेतच आहे हे घर. येतोस का?

म्हटलं, बघतो. तिने फोन ठेवला. मग माझं मलाच कसंतरी झालं. बघतो काय? लगेच फोन लावला. म्हटलं, येतो.

गुरुवार, १६ मे
डुएनच्या पिकअपमधून निघालो. एकही तुलना न करता. आयुष्यात पहिल्यांदा. डबा मात्र मांडीवर घेतला होता, नुसता सोबतीला.

पूल आला तशी डब्यातली बाई ओरडायला लागली. थांबा, उंची अपुरी, थांबा. मी खाली वाकलो. पिकअपमध्ये बसून. डोकं गुडघ्यात. डुएनने बघितलं. पुढचा सगळा रस्ता तो मधूनच स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता, म्हणजे मार्गाची काळजी खऱ्या अर्थाने मलाच होती. उजवीकडे वळलो, नाक पश्चिमेला. संध्याकाळच्या जेवणाला पोचलो.

लव्हॉन दारात उभी होती. आलास? म्हणाली. एवढंच. जॅकचं नाव नाही. मीही काढलं नाही.

शुक्रवार, १७ मे
उद्या किल्ल्या द्यायच्या. घर रिकामं. अर्डिस खोल्याखोल्यांतून उगीचच फिरते आहे. लव्हॉन सकाळपासून झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. काय झाड आहे! पानं दिसत नाहीत, नुसती पांढरी फुलं. गाडीच्या टपाला अगदी खेटून. लव्हॉन म्हणाली, लहानपणी त्या खालच्या फांदीवर आम्ही दोघी बसायचो.

गाडी जरा कललेली होती. कॉफी कपातून सांडत होती. म्हटलं, तू बस, मी बघतो. इतक्या दिवसांनी माझ्या हातचं काहीतरी तिला द्यावं असं फार वाटलं. आत गेलो. किल्ली फिरवली. बटण दाबलं.

जॅक खाली गेले. गाडी वर गेली. कुठेतरी मोठ्याने कडाडलं, आणि समोरची काच फुलांनी झाकली गेली.

बाहेर आलो. फांदी टपावर आडवी पडली होती. तीच, खालची. अर्डिस दारात उभी राहून तोंडावर हात धरून बघत होती. मी म्हणालो, आज उंची मोजायची राहिली.

लव्हॉन उठली. फांदीचा शेंड्याकडचा तुकडा मोडून घेतला, पेल्यात पाणी घालून त्यात ठेवला आणि पेला गाडीत ओट्यावर ठेवला. म्हणाली, चला, घरातलं काहीतरी बरोबर नेता येईल. मग डोळे पुसले. या वेळी कांदा म्हणाली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, वेन्डेल, तुझं सगळं वेगळंच असतं.

इतकी वर्षं हे ऐकतो आहे. हे कौतुक नसावं, अशी शंका आज पहिल्यांदा आली.