आज्जा कुठला बी चालतोय!

१९ नोव्हेंबर २०२५

कुरासाव फुटबॉलच्या वर्ल्डकपला! चहा गार झाला तरी टीव्हीसमोरनं हललो न्हाय. जमैकात जाऊन शून्य-शून्य — बास, तेवढंच पायजे होतं! केवढंसं बेट! माणसं मोजली तर आमच्या कोल्हापुरात तसली तीन-चार बसतील. आणि टीममधली बहुतेक पोरं जन्मली हॉलंडात. आईबाप, आज्जा-आज्जी बेटावरचे, म्हणून पोरं बेटासाठी खेळतात.

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, माझा नातू यशराज पण हॉलंडचाच की! शाळा संपवून आमच्याकडं राहायला आलाय, तिकडं क्लबात स्ट्रायकर. इकडं आमच्या वरच्या तालमीची फुटबॉल टीम गेल्या सीझनला एका-एका गोलसाठी तरसली!

२० नोव्हेंबर

तालमीत विषय काढला. आमचा सेक्रेटरी गोमटेश लगेच तडकला — "पेठेत जन्मला न्हाय, त्याला आपला शर्ट? जमणार न्हाय!" मी पण आवाज चढवला. "अख्ख्या देशाला चालतंय, आन तुमच्या गल्लीला चालंना व्हय? आज्जा बघा, आज्जी बघा, कुठनं बी नातं लागू दे — पोरगं आपलंच!"

एवढा ओरडलो की बाहेरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं दारात आली. त्यात खालच्या तालमीचे पण दोघं. ऐकू देत की!

२३ नोव्हेंबर

मंजूर!! गोमटेश स्वतः घरी आला. "आणा तुमचं बेट," म्हणाला. उद्या शर्ट मारुतीपुढं ठेवायचा, नारळ फोडायचा, मग नाव नोंदवायचं. नारळ मीच आणला, कानाशी हलवून, पाणी बघून.

२४ नोव्हेंबर

घात झाला!

सकाळी बघतोय तर पोराच्या अंगात खालच्या तालमीचा शर्ट! माझे व्याही पिराजीराव, सूनबाई क्रांतीचे वडील, खालच्या तालमीचे कट्टर. लग्नात आमचा बँड त्यांच्या गल्लीतनं जाऊ दिला न्हवता! ह्यांनीच पोरगं फितवलं म्हणून फोन लावला. तर म्हणतात, "पावणं, आज्जा कुठला बी चालतोय, तुम्हीच ओरडून सांगितलंसा की! पर म्या न्हाय बोलावलं. पोरगं आपणहून आलं."

यशराजला विचारलं. म्हणाला, "आबा, आईला लहानपणी लई खेळायचं होतं. मुलगी म्हणून तालमीत घेतलं नाही. तिचा शर्ट मी घालणार."

क्रांती एवढ्या वर्षांत एका शब्दानं बोलली न्हाय मला. मी तरी कधी विचारलं? जीव कळवळला. पण राग पण आला, लई आला! नारळ तसाच फळीवर.

२ डिसेंबर

बोलत न्हाय यशराजशी. त्याच्या बुटाला चिखल होता, तेवढा पुसून ठेवला.

१३ डिसेंबर

उद्या मॅच. नेमकी वरची विरुद्ध खालची! गोमटेश म्हणतो, "आबा, आमच्यातच बसायचं हं." म्हणजे काय! जन्म गेला त्या गॅलरीत. आणखी कुठं बसणार?

१४ डिसेंबर

यशराजचा गोल! आमच्या गॅलरीत सगळे मान खाली घालून बसलेले. एकटा मी उभा, बोंब मारत — हातात फोन उंच धरून, तिकडं हॉलंडात क्रांतीला नीट दिसावं म्हणून!